सायकलस्वाराचा पाठीराखा

पहाटे पुरते उजाडलेलेही नसते, तोच गोव्याच्या वाड्यावाड्यांतून पोदेराचा भोंगा ऐकू येऊ लागतो. सायकलच्या मागे पावांची टोपली बांधून तो दारोदार फिरतो. त्याच्यामागून कारखान्याच्या पहिल्या पाळीला निघालेले कामगार रस्त्याला लागतात आणि थोड्या वेळाने पाठीवर दप्तरे घेतलेले विद्यार्थी दिसू लागतात. सायकल हे कोणाला इजा न करणारे, धूर न ओकणारे आणि सामान्य माणसाच्या खिशाला परवडणारे वाहन. परंतु ज्या रस्त्याने ते जाते, त्याच रस्त्याने मालमोटारी, प्रवासी बसगाड्या आणि भरधाव मोटारीही जात असतात. त्यांची आणि सायकलची धडक झाली, तर मोटारीच्या पत्र्याला पोचा येतो. सायकलस्वाराचे मात्र हाड मोडते. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवर ४,६१,३१२ अपघात घडले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे दगावली, असे केंद्र सरकारचा अहवाल सांगतो. त्यांत सायकलस्वारांची संख्या हजारांच्या घरात होती.

रस्त्यावर सुरक्षित कसे चालावे, सायकल कशी हाकावी, याविषयी शाळांतून पुष्कळ सांगितले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु सर्व काळजी घेऊनही अपघात झालाच, तर पुढे काय करावे, हे सहसा कोणी सांगत नाही. जखमी सायकलस्वाराच्या घरी अशा वेळी तीन वाक्ये हमखास ऐकू येतात. पहिले, ‘नशिबात होते, झाले.’ दुसरे, ‘आपल्याजवळ ना परवाना ना विमा, आपण कोणत्या तोंडाने कोर्टात जाणार?’ आणि तिसरे, ‘मोठ्यांशी वैर नको, देताहेत ते घ्या आणि गप्प बसा.’ ही तिन्ही वाक्ये अज्ञानातून आलेली आहेत. कायद्याची बाजू याहून अगदी निराळी आहे. ती विद्यार्थ्यांपुढे आणि त्यांच्या पालकांपुढे सोप्या शब्दांत मांडावी, एवढाच आमचा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम दुसऱ्या वाक्याचा विचार करू. साधी सायकल ही कायद्याच्या दृष्टीने ‘मोटार वाहन’ नव्हे. म्हणून सायकलस्वाराला परवाना लागत नाही, नोंदणी लागत नाही आणि विमाही लागत नाही. विमा लागतो तो मोटार चालविणाऱ्याला. आणि तो मुख्यतः त्याच्या स्वतःसाठी नसून इतरांसाठी असतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या १४६ व्या कलमाप्रमाणे रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक मोटारीचा ‘तृतीय पक्षा’साठी विमा उतरविलेला असलाच पाहिजे. विमा कंपनी हा एक पक्ष, मोटारमालक हा दुसरा पक्ष आणि त्या मोटारीमुळे ज्याला इजा पोचते तो तिसरा. पायी चालणारी म्हातारी, फुटपाथवरचा फुलवाला आणि सायकलस्वार हे सारे तृतीय पक्ष होत. म्हणजे ज्या विम्याचा हप्ता मोटारमालक भरतो, त्या विम्यावर जखमी सायकलस्वाराचा हक्क असतो. विमा कंपनीकडून त्याला मिळणारी रक्कम ही कोणाची दया नव्हे. अशा प्रसंगासाठीच ती आधीपासून गोळा केलेली असते.

ही व्यवस्था एका दिवसात झालेली नाही. हिंदुस्थानात मोटारींविषयीचा पहिला सर्वंकष कायदा १९३९ साली झाला आणि त्यातील सक्तीच्या विम्याची तरतूद १९४६ सालापासून अंमलात आली. तरीही भरपाईसाठी दिवाणी न्यायालयात दावा लावावा लागे; त्यात वर्षानुवर्षे जात आणि गरिबाचा धीर खचे. म्हणून १९५६ साली कायद्यात दुरुस्ती होऊन मोटार अपघातांच्या दाव्यांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणे नेमण्याची सोय झाली. १९८२ साली आणखी एक महत्त्वाचे पाऊल पडले. मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास चालकाची चूक सिद्ध न करताही काही ठरावीक रक्कम मिळावी, हे तत्त्व कायद्यात आले. त्या वेळी ती रक्कम मृत्यूसाठी १५,००० आणि अपंगत्वासाठी ७,५०० रुपये होती. पुढे १९८८ चा नवा अधिनियम आला आणि २०१९ साली त्यात मोठे बदल झाले. भरपाईविषयीचे बदल १ एप्रिल २०२२ पासून लागू झाले आहेत.

आता एक कल्पित उदाहरण घेऊ, म्हणजे विषय डोळ्यांपुढे उभा राहील. समजा, नववीतला एक मुलगा सायकलने शाळेला निघाला आहे. वळणावर मागून एक मालवाहू गाडी येते, तिचा धक्का लागतो आणि मुलगा पडतो. सायकलचे पुढचे चाक वाकते, कोपर खरचटते, मनगट दुखू लागते. चालक खाली उतरतो, मुलाला उभे करतो, खिशातून एक हजार रुपये काढून त्याच्या हातावर ठेवतो आणि म्हणतो, ‘बाळा, चाक नीट करून घे, घरी कशाला सांगतोस?’ मुलालाही वडिलांच्या रागाची धास्ती वाटते. तो पैसे घेतो. रात्री मनगट सुजते. दुसऱ्या दिवशी क्ष-किरण चित्रात हाड मोडल्याचे दिसते. शस्त्रक्रिया करावी लागते, परीक्षा हुकते. आणि त्या गाडीचा क्रमांक? तो कोणी टिपलेलाच नाही.

या मुलाचे नुकसान दोनदा झाले. पहिले गाडीने केले आणि दुसरे रस्त्यावरच्या तडजोडीने. पहिले टाळणे त्याच्या हाती नव्हते. दुसरे टाळणे होते. त्याने काय करावयास हवे होते, ते आता क्रमाने पाहू.

सर्वांत पहिले काम जीव वाचविण्याचे. १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका आणि ११२ या क्रमांकावर पोलीस व इतर तातडीची मदत मिळते. हे दोन आकडे प्रत्येक विद्यार्थ्याला पाढ्यांसारखे पाठ असावेत. अपघातानंतरच्या पहिल्या तासाला कायद्यानेच ‘सुवर्ण तास’ म्हटले आहे, कारण त्या तासात मिळालेले उपचार बहुधा प्राण वाचवितात. पैशाअभावी हे उपचार अडू नयेत म्हणून ५ मे २०२५ पासून केंद्र सरकारने एक योजना सुरू केली आहे. तिच्याप्रमाणे मोटार अपघातात जखमी झालेल्या कोणाही व्यक्तीवर, नेमून दिलेल्या रुग्णालयांत, अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोख रक्कम न घेता उपचार होऊ शकतात. रुग्णालयात ‘या योजनेत उपचार होतील काय?’ असे स्पष्ट विचारावे.

जखमीला उचलून नेण्यास लोक कचरतात, कारण नंतर पोलीस आणि कोर्ट यांचा ससेमिरा मागे लागेल अशी त्यांना भीती वाटते. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली या परोपकारी व्यक्तींच्या रक्षणासाठीच्या नियमांना मान्यता दिली आणि २०१९ च्या दुरुस्तीने १३४-अ हे कलम आले. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. आपले नाव सांगण्याची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही. चालकाचे कर्तव्य मात्र याहून कडक आहे. जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे आणि लवकरात लवकर, कोणत्याही परिस्थितीत चोवीस तासांच्या आत, पोलिसांना खबर देणे हे १३४ व्या कलमाने त्याच्यावर बंधनकारक केले आहे. म्हणून ‘मी थांबलो, पैसे दिले, झाले’ असे म्हणून चालक मोकळा होत नाही.

दुसरे काम पुराव्याचे. गाडीचा क्रमांक ताबडतोब लिहून घ्यावा. कागद नसेल तर हातावर लिहावा. क्रमांक हाती आला की गाडीची नोंदणी कोणाच्या नावाने आहे आणि विमा कोणत्या कंपनीचा आहे, हे शोधून काढता येते. जवळपास ज्यांनी प्रसंग पाहिला असेल, त्या दुकानदाराचे वा वाटसरूचे नाव, त्याची तयारी असल्यास, टिपावे. कोणाजवळ मोबाईल असेल तर गाडी, सायकल, रस्ता आणि टायरांच्या खुणा यांची छायाचित्रे घ्यावीत. वाकलेली सायकल लगेच दुरुस्त करू नये आणि फाटलेले कपडे टाकून देऊ नयेत. धक्का कोठून व कसा लागला हे त्यांवरूनच कळते. डॉक्टरांना ‘पडलो’ एवढेच न सांगता ‘मोटारीचा धक्का लागून पडलो’ असे सांगावे, कारण रुग्णालयाच्या कागदावरील ही पहिली नोंद पुढे फार मोलाची ठरते. औषधांच्या पावत्या, चाचण्यांचे अहवाल, रिक्षाचे भाडे, या साऱ्यांची एक पिशवी करून ती आईच्या किंवा आजीच्या ताब्यात द्यावी. घरातले कागद त्यांच्याइतके कोणी जपत नाही.

तिसरे काम पोलिसांकडे फिर्याद देण्याचे. जखमी स्वतः जाऊ शकत नसेल तर त्याच्या वतीने कोणीही खबर देऊ शकतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे, अपघात कोणत्याही हद्दीत झालेला असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर जवळच्या ठाण्यात देता येते. खबर लिहून घेतल्यावर ती वाचून दाखविली पाहिजे आणि तिची प्रत खबर देणाऱ्याला विनामूल्य मिळाली पाहिजे. आमच्या भागात घरी कोंकणी, शाळेत मराठी आणि कचेरीत इंग्रजी अशी त्रिभाषी वहिवाट आहे. बेळगावकडे कन्नडही असते. म्हणून लिहिलेले आपल्याला समजेल अशा भाषेत समजावून घेतल्याशिवाय त्याखाली सही करू नये. कोऱ्या कागदावर तर मुळीच करू नये. ठाण्यात फिर्याद घेतली नाही, तर जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज करता येतो आणि तेवढ्यानेही काम न झाल्यास दंडाधिकाऱ्यांपुढे जाता येते.

येथे एक भेद लक्षात घेतला पाहिजे. पोलिसांचा खटला हा चालकाला शिक्षा व्हावी यासाठी असतो. बेदरकारपणे वाहन चालविणे हा भारतीय न्याय संहितेच्या २८१ व्या कलमाखाली गुन्हा आहे. भरपाईचा दावा ही त्याहून वेगळी गोष्ट. फौजदारी खटल्यात गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागतो. भरपाईच्या दाव्यात कोणत्या बाजूची शक्यता अधिक, एवढेच पाहिले जाते. म्हणून फौजदारी न्यायालयातून चालक निर्दोष सुटला तरी तेवढ्याने भरपाईचा दावा बुडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८० सालीच हे स्पष्ट केलेले आहे. तसेच चालकाला तुरुंगात पाठविण्याची आपली इच्छा नसली, तरी भरपाई मागण्यास काहीच हरकत नाही. ‘बिचाऱ्याच्या पोटावर पाय नको’ म्हणून गप्प बसणाऱ्या सज्जनांनी हे ध्यानात ठेवावे, की विमा असलेल्या गाडीच्या बाबतीत भरपाई सामान्यतः चालकाच्या खिशातून जात नाही, ती विमा कंपनी देते.

भरपाईचे मार्ग मुख्यतः तीन आहेत. पहिला मार्ग १६६ व्या कलमाचा. यात चालकाची चूक दाखवावी लागते, पण झालेले सारे नुकसान मागता येते. दुसरा १६४ व्या कलमाचा. यात कोणाची चूक होती हे सिद्ध करावे लागत नाही. मृत्यू आल्यास पाच लाख आणि गंभीर दुखापत झाल्यास अडीच लाख रुपये ठरलेले आहेत. हाड मोडणे, सांधा निखळणे किंवा दात पडणे हीदेखील कायद्याने गंभीर दुखापतच होय. मात्र हा ठरावीक मार्ग पत्करून रक्कम स्वीकारली, की पहिल्या मार्गाचा दावा संपुष्टात येतो. म्हणून मोठी दुखापत असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय घाईने रक्कम स्वीकारू नये. तिसरा मार्ग १६१ व्या कलमाचा, म्हणजे धडक देऊन पळून गेलेल्या आणि न सापडलेल्या गाडीच्या बाबतीतला. अशा वेळी मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार रुपये मिळतात. त्यासाठी न्यायाधिकरणाकडे नव्हे, तर महसूल खात्याच्या नेमलेल्या चौकशी अधिकाऱ्याकडे अर्ज करावयाचा असतो. हा मार्ग पुष्कळांना ठाऊकच नसतो. म्हणून जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आज्ञा केली, की महिनाभरात गाडीचा पत्ता लागला नाही, तर पोलिसांनी जखमीला वा मृताच्या वारसांना या योजनेची लेखी माहिती दिली पाहिजे. उदाहरणातल्या मुलाने क्रमांक टिपलेला नव्हता, तरीही कायद्याने त्याला अगदीच वाऱ्यावर सोडलेले नाही.

१६६ व्या कलमाखालील अर्ज अपघातापासून सहा महिन्यांच्या आत करावा, असे सध्याचा कायदा सांगतो. या मुदतीविषयी न्यायालयांत वाद झालेले आहेत. पण शहाण्याने वादावर विसंबू नये, मुदतीवर विसंबावे. अर्ज कोठे करावा, याबाबत कायदा जखमीच्या सोयीचा आहे. अपघात झाला त्या ठिकाणच्या, जखमी राहतो किंवा व्यवसाय करतो त्या ठिकाणच्या, अथवा प्रतिवादी राहतो त्या ठिकाणच्या न्यायाधिकरणापुढे दावा लावता येतो. सीमाभागात राहणाऱ्यांना याचे महत्त्व विशेष. डिचोलीचा विद्यार्थी बेळगावला मामाकडे गेला असता तेथे अपघातात सापडला, तर दाव्यासाठी त्याने चोर्ला घाट वारंवार चढण्याचे कारण नाही. गोव्यातील न्यायाधिकरणापुढेही तो दाद मागू शकतो.

पोलिसांवरही आता काही मुदती घातलेल्या आहेत. अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत, अंतरिम अहवाल ५० दिवसांत आणि तपशीलवार अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे गेला पाहिजे. जखमीला त्याच्या हक्कांची माहिती देणारा छापील नमुना दहा दिवसांच्या आत मिळाला पाहिजे. तो मिळाला नसेल तर नम्रपणे, पण लेखी मागावा.

भरपाई किती मिळते, हा प्रश्न सर्वांनाच पडतो. तिचा काही बाजारभाव नसतो, हिशेब असतो. उपचारांचा झालेला व पुढे होणारा खर्च, येण्याजाण्याचे भाडे, पौष्टिक आहार, शुश्रूषेसाठी ठेवलेल्या माणसाचे वेतन किंवा त्यासाठी घरच्यांनी बुडविलेली मजुरी, सोसलेल्या वेदना, बुडालेले शिक्षण, अंगावर राहिलेले व्यंग, आणि कमाईच्या शक्तीत आलेली घट, या साऱ्यांचा त्यात विचार होतो. मोडलेल्या सायकलची किंमतही मागता येते. कमाईच्या घटीचा हिशेब कसा करतात, हे गणिताच्या एका कल्पित उदाहरणाने पाहू. समजा, ४२ वर्षांचा एक गवंडी सायकलने कामावर जाताना जखमी झाला. तो महिना १२,००० रुपये मिळवीत होता. त्याच्या वयाच्या स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्याचे उत्पन्न पुढे वाढले असते, हे धरून त्यात २५ टक्के मिळवतात. म्हणजे १५,००० रुपये महिना, १,८०,००० रुपये वर्षाला. त्याच्या कामाची शक्ती ३० टक्के घटली, तर वार्षिक तोटा ५४,००० रुपये. आता सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली वयोगटाप्रमाणे गुणक ठरवून दिले आहेत. ४१ ते ४५ वर्षांसाठी तो १४ आहे. ५४,००० गुणिले १४ म्हणजे ७,५६,००० रुपये. उपचार, वेदना वगैरेंची रक्कम याहून निराळी.

यातील ३० टक्के हा आकडा डॉक्टरांच्या दाखल्यावरून जसाच्या तसा उचलावयाचा नसतो. २०१० सालच्या एका महत्त्वाच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की अवयवाचे व्यंग किती हा एक प्रश्न आणि त्या व्यंगाने या माणसाच्या या व्यवसायात किती बाधा आली हा दुसरा प्रश्न. डावा हात गमावलेला सुतार आणि डावा हात गमावलेला कारकून यांचे शारीरिक व्यंग सारखे. पण सुताराचा धंदाच बुडतो, कारकुनाची लेखणी चालू राहू शकते. म्हणून आपण नेमके काय काम करतो, ते न्यायाधिकरणापुढे पुराव्यानिशी सांगणे अगत्याचे असते.

मग जो विद्यार्थी अद्याप काहीच मिळवीत नाही, त्याचे काय? त्याच्या दुखापतीचे मोल शून्य धरावयाचे काय? न्यायालयांनी तसे मानलेले नाही. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने एका जखमी बालकाच्या दाव्यात मुलांसाठी एक श्रेणी आखून दिली. उपचार, शुश्रूषा इत्यादींच्या खर्चाखेरीज, दहा टक्क्यांपर्यंतच्या कायम व्यंगासाठी, विशेष कारण नसल्यास, एक लाख, तीस टक्क्यांपर्यंत तीन लाख, आणि पुढे व्यंगाच्या प्रमाणात ही रक्कम सहा लाखांपर्यंत जाते. अलीकडच्या निकालांत तर मुलाचे भावी उत्पन्न निदान कुशल कामगाराच्या किमान वेतनाइतके धरण्याकडे न्यायालयाचा कल दिसतो. अल्पवयीन मुलाचा दावा त्याचे आईवडील वा पालक त्याच्या वतीने चालवितात आणि मिळालेली रक्कम बहुधा तो सज्ञान होईपर्यंत बँकेत मुदतठेव म्हणून ठेवली जाते.

आता सर्वांत मोठी अडचण. ‘वकील करायला पैसे कोठून आणावयाचे?’ याचे उत्तर विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ यात आहे. त्याच्या १२ व्या कलमाप्रमाणे स्त्रिया, मुले, अनुसूचित जातीजमातींच्या व्यक्ती, अपंग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना, त्यांचे उत्पन्न कितीही असो, विनामूल्य कायदेशीर मदत मिळण्याचा हक्क आहे. इतरांसाठी उत्पन्नाची मर्यादा आहे. म्हणजे आमच्या शाळेतील अठरा वर्षांखालील प्रत्येक मुलगा आणि मुलगी या हक्काची धनी आहे. जिल्हा न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे, किंवा तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे साधा अर्ज करावा. १५१०० या क्रमांकावर दूरध्वनी करूनही चौकशी करता येते. तेथून मिळणारा वकील हा सनदधारकच असतो आणि त्याची फी सरकारी निधीतून दिली जाते.

याउलट, रुग्णालयाच्या दारात घुटमळणाऱ्या मध्यस्थांपासून दूर राहावे. ‘सह्या करा, लाखो मिळवून देतो, तिसरा हिस्सा आमचा’ असे कोणी म्हणाला, तर ते कायद्याला धरून नाही हे ओळखावे. भरपाईत वाटा ठरवून फी घेण्यास भारतातील वकिलांना त्यांच्या व्यवसायाच्या नियमांनीच मनाई आहे.

पुष्कळ दावे लोकअदालतीत आपसांत मिटतात. ही पद्धत चांगली आहे. वेळ वाचतो आणि कटुताही वाढत नाही. परंतु लोकअदालतीतील निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नसते. म्हणून देऊ केलेली रक्कम आपल्या हिशेबाशी ताडून पाहूनच होकार द्यावा. रस्त्यावरची तडजोड आणि लोकअदालतीतील तडजोड यांत फरक आहे तो हाच. पहिली घाबरलेल्या माणसाची असते, दुसरी आपल्या दुखापतीचे मोल जाणणाऱ्याची.

हे सर्व सांगितल्यावर सायकलस्वाराचे कर्तव्यही सांगितले पाहिजे. कायदा जखमीचा पाठीराखा असला तरी डोळे झाकून त्याची बाजू घेत नाही. सायकलस्वार उलट्या बाजूने येत होता, अंधारात दिव्यावाचून जात होता किंवा सिग्नल मोडून शिरला, असे दिसले आणि त्यामुळे अपघाताला हातभार लागला, तर त्याच्या चुकीचा वाटा भरपाईतून वजा होतो. दहा लाखांची भरपाई ठरली आणि सायकलस्वाराची चूक २० टक्के धरली गेली, तर हाती आठ लाखच येतात. मात्र थोडी चूक होती म्हणून सारा हक्क जातो, असे नव्हे. आणि लहान मुलाकडून प्रौढाइतक्या सावधपणाची अपेक्षा न्यायालये करीत नाहीत. शिरस्त्राण सायकलस्वाराला कायद्याने सक्तीचे नाही. पण डोके एकच असते, एवढे कारण ते घालण्यास पुरेसे आहे. ब्रेक, घंटा, पुढचा दिवा आणि मागचा तांबडा परावर्तक नीट असावा, हे आम्ही वर्गात सांगतो तेच येथेही सांगतो.

विद्यार्थिमित्रांनो, शेवटी तुम्हांलाच एक गोष्ट निक्षून सांगावयाची आहे. अपघात झाला तर तो घरी लपवू नका. सायकल मोडली म्हणून वडील रागावतील, हे भय खरे असले तरी ते घटकाभराचे असते. लपविलेले मोडके हाड मात्र जन्मभर साथ करते. आणि पालकांना आमची विनंती आहे, की मूल धुळीने माखून, रडवेले होऊन दारात आले, तर ‘लक्ष कुठे होते तुझे?’ हा प्रश्न क्षणभर मागे ठेवून ‘कुठे लागले? गाडी कोणती होती?’ हे प्रश्न आधी विचारावेत. पहिल्याने मुलाला डॉक्टरांकडे नेता येईल आणि दुसऱ्याने त्याच्या हक्काची वाट मोकळी होईल. रागावण्यासाठी पुढे पुष्कळ दिवस आहेत. गाडीचा क्रमांक मात्र मुलाच्या लक्षात थोडाच वेळ राहतो.